थुंकून टाकायचं आडनाव

ग्रिझेल रॉस. घ्या, लिहिलं मी. हात झडला नाही, छप्पर कोसळलं नाही, आणि खिडकीतून दिसतो तेवढ्या समुद्रात एकही बोट उलटलेली नाही. ही बाई आमच्या पोर्टरॅनीत लग्न करून आली, इथेच म्हातारी झाली, इथेच मेली. आणि नवरा सोडला तर गावातल्या एकानंही तिचं पूर्ण नाव कधी तोंडातून काढलं नाही. मी तिला नुसतं ग्रिझेल म्हणायची. पुढचं म्हटलं असतं तर बाबांनी मला घराबाहेर काढलं असतं. म्हणून म्हटलं, सुरुवातीलाच लिहून मोकळं व्हावं.

आमच्या गावाला आडनावं तीनच. मेअर, स्लेटर आणि वुड. मेअर म्हणजे जुन्या काळी सरदाराचे हुकूम घरोघर बजावत फिरणारा शिपाई. स्लेटर म्हणजे छपरावर दगडी पाट्या बसवणारा. वुड म्हणजे रानाच्या कडेला राहणारा. आता आमच्यापैकी कुणाचा हुकूम घरची मांजरही ऐकत नाही, छपरं शाकारायला माणसं वरच्या गावातून आणावी लागतात, आणि झाड म्हणाल तर पाद्र्याच्या अंगणात एक आहे, तेही वाऱ्यानं वाकलेलं. पण नावं चिकटली ती चिकटली. त्यात मुलाला आजोबांचंच नाव ठेवायची रीत. रस्त्यात ‘जॉन मेअर’ म्हणून हाक मारली तर निम्मा रस्ता वळून बघतो. त्यामुळे प्रत्येक घराला एक जोडनाव असतं. आमचं ‘बिशप’, कारण आमचे पणजोबा चर्चमध्ये प्रवचन चालू असताना ऐटीत घोरायचे. जॉर्ज स्लेटरच्या घराचं ‘टार’, कारण त्याचा आजोबा दारू पिऊन डांबराच्या पिंपात पडला होता. जोडनाव पत्रावर येतं, थडग्यावरसुद्धा येतं. त्याची कुणाला लाज नाही. डांबरात पडलेल्याचा वंशही आमच्याकडे ताठ मानेनं फिरतो.

लाज एकाच नावाची, आणि ते गावात कुणाचंच नव्हतं. रॉस. हे नाव कानावर पडलं की थुंकायचं आणि लोखंडाला हात लावायचा. तशी समुद्रावर आम्ही पुष्कळ नावं घेत नाही. डुक्कर नाही, ससा नाही, पाद्री तर नाहीच. पण ती जमिनीवर चालतात. रॉस जमिनीवरही चालत नाही. सकाळी रॉस आडवा आला तर मासेमार घरी परत फिरतो. रॉसला बोटीवर घेत नाही, रॉसच्या घरात झोपत नाही. का, म्हणून विचारा. ‘पूर्वीपासून आहे.’ पूर्वी काय झालं होतं? ते कुणालाच ठाऊक नाही. बरं, त्या शब्दाचा अर्थ काय, तर समुद्रात घुसलेलं जमिनीचं टोक. धुक्यातून घरी येताना आमची माणसं डोळे फाडफाडून दुसरं काय शोधतात, सांगा मला.

हा अर्थ मला ग्रिझेलनंच सांगितला. ती खाडीपलीकडची. तिची आजी तिकडची जुनी गेलिक भाषा बोलायची, त्यामुळे तिला जुने शब्द कळायचे. आमची गाठ पडली उत्तरेकडच्या लर्विक बंदरात, हेरिंग माशांच्या हंगामात. बोटी माशांमागे जायच्या आणि आम्ही पोरी बोटींमागे. तिघींची एक टोळी असायची. दोघी मासे चिरायच्या, तिसरी पिंपात मिठाचे थर देऊन भरायची. बोटांना चिंध्या बांधलेल्या, तरी सुरी लागायचीच, आणि जखमेत मीठ जायचं. ग्रिझेल माझ्याशेजारी उभी राहून चिरायची आणि गात असायची. जॉर्ज टार उगाचच आमच्या पिंपांभोवती घुटमळायला लागला, तेव्हा तिनं मला विचारलं,

“तुमच्या गावात मला घेतील का गं?”

“मासे चिरायला घेतील.”

“आणि नांदायला?”

“नाव बदलून आलीस तर.”

“तुमच्याकडे बायका लग्नानंतर नाव बदलतात?”

नाही बदलत. हीच तर गोम होती. आमच्याकडे बाई लग्न करून कुठेही गेली तरी बापाचं नाव बरोबर नेते. माझा नवरा वुड, आमच्याच घरी राहायला आलेला, पण मला सगळे एल्स्पेट मेअरच म्हणतात, आणि मेल्यावर दगडावरही तेच येणार. मुलाच्या नावातही मधे आईचं आडनाव घालतात. मी मासे चिरत राहिले.

जॉर्जनं तिला घरी आणलं त्या दिवशी माझी आई तिथे बसलेली होती, म्हणून पुढचं ठाऊक आहे. जॉर्जच्या आईला मुलगी आवडली. तिचे हात उलटेपालटे करून बघितले, जखमा बघितल्या, खूष झाली.

“कामाचे हात आहेत. कुणाची रे ही?”

“पलीकडची,” जॉर्ज म्हणाला.

“पलीकडे पुष्कळ लोक राहतात. नाव सांग.”

त्यानं सांगितलं. म्हातारीनं शेगडीजवळचा चिमटा उचलला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.

“जॉर्ज, बाहेर जाऊन थुंकून ये. मग बोलू.”

बोलणी झाली. हे नाव या घरात कधी काढायचं नाही. बोटी निघायच्या वेळी तिनं बंदरावर फिरकायचं नाही. आणि मूल झालं तर त्याच्या नावात ते घालायचं नाही. ग्रिझेलनं सगळ्याला मान डोलावली. लग्न करायचं असलं की माणूस कशालाही मान डोलावतो.

तर तेव्हापासून ती ‘टारची बाई’. दुकानात टारची बाई, चर्चमध्ये टारची बाई. डांबराच्या पिंपाचं नाव चालतं, तिच्या बापाचं चालत नाही. बोटी निघाल्या की आम्ही बायका धक्क्यावर उभ्या राहायचो आणि ती मागच्या दारात, तिथून समुद्र दिसतही नाही. मुलगा झाला. माझा भाऊ जॉन वुड मेअर, शेजारचा पोरगा अँड्र्यू मेअर स्लेटर, आणि हिचा नुसता जेम्स स्लेटर. मधली जागा मोकळी. शाळेत पोरं त्याला विचारायची, “तुला आई नाही का रे?” तो पोरगा तेव्हापासूनच आईवर चिडायला शिकला.

जॉर्ज मात्र भला माणूस. रविवारी चर्चमधून आला की दार लावून घ्यायचा, खुर्चीत बसायचा आणि सरकारी अंमलदारासारख्या आवाजात म्हणायचा, “ग्रिझेल रॉस, चहा आण.” ती मला हे हसत हसत सांगायची.

“तेवढं ऐकलं ना, की आठवडा निघतो बघ माझा.”

जॉर्ज समुद्रात गेला नाही. छातीच्या दुखण्यानं अंथरुणात गेला, आणि ते एक बरं झालं, नाहीतर त्याचंही खापर तिच्याच डोक्यावर फुटलं असतं. जायच्या आधी त्यानं दगड स्वतः ठरवून ठेवला होता. टेकडीवरच्या स्मशानात आमचे सगळे दगड बंदराकडे तोंड करून आहेत. जॉर्जचं नाव वरच्या अर्ध्यात कोरलं, खालचा अर्धा भाग मोकळा सोडला. तशी सगळेच सोडतात. ती बायकोची जागा. तो तिला म्हणाला होता, “मी बोलायला असणार नाही. पण तिथे तुझं नाव लिहावंच लागेल त्यांना.”

ती दर शनिवारी ब्रश घेऊन वर जायची आणि दगड घासायची. वरचा भाग भरभर, खालचा मोकळा भाग सावकाश. मी एकदा म्हटलं, “अगं, इथे तर काहीच नाही, काय घासतेस?”

“माझी जागा आहे ही. मेल्यावर तरी लोक मला नावानं वाचतील.”

मला त्या वेळी फार वाईट वाटलं. बाईनं आयुष्यात वाट बघावी कशाची, तर स्वतःच्या थडग्याची.

जेम्स मोठा झाला आणि माझ्या बाबांच्या बोटीवर लागला. बाबा म्हणजे गावातले हुशार तांडेल आणि हट्टी माणूस. त्या वर्षी आमच्या बोटींना मासा मिळत नव्हता. शेजारच्या गावांच्या बोटी काठोकाठ भरून यायच्या आणि आमची जाळी ओली होऊन परत यायची. बाबांचा जीव त्यानं नुसता जळत होता. धक्क्यावर भिंतीत हवेच्या दाबाची तबकडी बसवलेली आहे, आम्ही तिला काच म्हणतो; तिचा काटा उतरला की वादळ येणार. त्या सकाळी काच घसरली होती, आणि बाबांनी तिच्यावर बोटानं टकटक केलं, ती आणखी घसरली.

“गेल्या महिन्यातही उतरली होती. काय झालं? काही नाही,” बाबा म्हणाले, आणि सामान आणायला घरी आले.

मी त्यांची भाकरीची पिशवी घेऊन मागे चालले होते. बंदराकडे उतरणारी गल्ली अरुंद आहे, दोन माणसं शेजारून गेली तर खांदे घासतात. तिच्या तोंडाशी ग्रिझेल उभी होती. शाल डोक्यावरून घेतलेली, पाय रोवून. इतक्या वर्षांत बोटी निघायच्या वेळी ती तिथे कधी दिसली नव्हती. बाबा थांबले. मागे सगळे खलाशी थांबले, त्यात जेम्सही.

“बाई, बाजूला हो,” बाबा म्हणाले.

“काच बघितलीत का तुम्ही?”

“बघितली. तू इथे यायचं नाहीस हे ठाऊक आहे ना तुला?”

“ठाऊक आहे. म्हणूनच आले.”

जेम्सचं तोंड लाल झालं होतं. “आई, घरी जा. चार माणसांत शोभा करू नकोस.”

तिनं त्याच्याकडे बघितलं. मग शाल डोक्यावरून खाली घेतली आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली,

“मी ग्रिझेल रॉस.”

ती बाबांच्या समोर आली, तोंडासमोर तोंड आणून पुन्हा म्हणाली. मग त्यांच्या मागच्याला. मग त्याच्या मागच्याला. प्रत्येकाला वेगळं वेगळं, लग्नात पाहुण्यांना ओळख करून द्यावी तसं. “मी ग्रिझेल रॉस. मी ग्रिझेल रॉस.” माणसं थुंकत होती, बुटांचे खिळे चाचपत होती, एकानं तर जाऊन दाराची कडी गच्च धरली. गल्लीतल्या खिडक्या एकामागून एक बंद झाल्या. सगळ्यांत शेवटी ती जेम्ससमोर उभी राहिली. त्याला तिनं हळू आवाजात सांगितलं. त्यानं पट्ट्याचं बक्कल मुठीत धरलेलं मी पाहिलं.

बाबांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि भिंतीवर फेकली. “आज कुणी जात नाही.”

बाबांची बोट राहिली म्हणून इतरही राहिल्या. जेम्स तिच्याजवळून गेला तो मान फिरवून. ती तिथेच भिंतीला टेकून उभी होती, तोंडावर समाधान होतं. मी तिला घरी पोचवलं.

दुपारी वारा उठला. समुद्र धक्क्यावरून आत आला आणि बंदरात बांधलेल्या बोटी एकमेकींवर आपटायला लागल्या. पश्चिमेकडच्या गावांच्या बोटी बाहेर होत्या. काही परत आल्या, सगळ्या नाही आल्या.

संध्याकाळी बाबा बटाटे आणि खारवलेला मासा खात होते. मला राहवलं नाही.

“बाबा, आज तुम्ही जेवताय ते तिच्यामुळे.”

“कुणामुळे?”

“ती आडवी आली नसती तर तुम्ही बाहेर असता.”

“ती आडवी आली नसती तर वारा आला नसता. तिकडची पोरं कुणी बुडवली? सकाळी हिनं तोंड उघडलं, दुपारी समुद्र उठला. मला समुद्र शिकवू नकोस.”

“पण काच तर त्याच्या आधीच उतरली होती.”

बाबांनी मासा बाजूला सारून विचार केला. “काचेला आधीच कळलं असणार,” ते म्हणाले, “ती काय करणार आहे ते.”

आता या माणसापुढे काय डोकं आपटायचं? माझे बाबा मूर्ख नव्हते. तारे बघून काळोखात बोट घरी आणायचे. पण गावात सगळ्यांचंच हे म्हणणं झालं, अगदी त्या माणसांचंही जी तिच्यामुळे कोरड्या कपड्यांत होती. त्यांचंच जास्त. ज्यानं आपल्याला वाचवलं त्याचे उपकार मानायचे नसले की त्याला दोषी ठरवण्यासारखा सोपा मार्ग नाही. आधी लोक तिचं नाव टाळायचे, आता तिलाच टाळायला लागले. तिच्या दारावरून जायला लागू नये म्हणून वळसा घालून जायचे. आणि बाबांनी जेम्सला सांगितलं, माझ्या बोटीवर राहायचं असेल तर त्या घरात झोपायचं नाही. जेम्स त्याच दिवशी गाठोडं घेऊन आमच्या माळ्यावर राहायला आला.

मी तिला जाऊन म्हटलं, “तू त्याला काही बोलली का नाहीस? एवढं केलंस त्याच्यासाठी.”

“असू दे गं,” ग्रिझेल म्हणाली. “कोरड्या अंथरुणात झोपतो ना? मग कुणाच्याही माळ्यावर झोपू दे.”

हे म्हणताना तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्या होतं.

पुढे वाफेच्या बोटी आल्या, शिडं गेली. जेम्सनं स्वतःची बोट केली, वुडांच्या घरातली बायको केली, घर गावाच्या दुसऱ्या टोकाला बांधलं. ग्रिझेल शनिवारी दगड घासत राहिली. गुडघे गेले तेव्हा मला सांगायची, मी घासून यायची. शेवटच्या दुखण्यात तिनं मला जेम्सकडे पाठवलं. तो आला. दारात जरा घुटमळला, पण आत आला.

“जेम्स, मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही.”

“माग ना, आई.”

“तुझ्या बापानं दगडावर जागा ठेवलीय.”

“हो.”

“ती माझ्या नावानं भर. सगळ्यांच्या आयांची असतात तशी.” तो खिडकीबाहेर बघायला लागला. तिनंच त्याची सोय बघितली, “तुला ते बोलावं नाही लागणार. दगड कोरणारा परगावचा आहे, त्याला मी कागदावर लिहून ठेवलंय. तू नुसता दे.”

“भरतो, आई,” तो म्हणाला. तिनं त्याचा हात धरला आणि सोडला. दोन दिवसांनी ती गेली.

आमच्याकडे मयताची पेटी पुरुष पुरतात, बायका स्मशानाच्या भिंतीबाहेर थांबतात. मी भिंतीला लागून अगदी जवळ उभी होते. पेटीला दोऱ्या असतात आणि एकेक दोरी एकेका माणसाच्या हातात; डोक्याकडची मुलाची. बाकीच्या ज्यांनी धरल्या होत्या ती त्या सकाळी गल्लीत उभी होती तीच माणसं, आता म्हातारी झालेली. माझे बाबाही त्यांत होते, नव्वदीला टेकलेले. पाद्री नवा होता, शहरातून आलेला, तरुण. त्याला गावातलं काहीच कुणी सांगितलेलं नव्हतं; नाव त्यानं चर्चच्या वहीतून उतरवून घेतलं होतं. त्यानं पुस्तक उघडलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाला,

“आपली भगिनी ग्रिझेल रॉस हिचा देह आपण मातीच्या स्वाधीन करतो.”

मला वाटलं, चला, कुणीतरी एकदा म्हटलं. आणि लगेच हात हलायला लागले. मागच्यांचे हात खिशांत गेले. दोरीवाल्यांनी एकेक हात सोडला. कुणी बक्कल शोधलं, कुणी किल्ल्या. बाबांनी कोटाचं बटण धरलं, ते लोखंडाचंही नव्हतं. मग मी जेम्सकडे बघितलं. त्याचा उजवा हात दोरी सोडून खिशात गेला होता, जिथे त्याचा चाकू असतो. दुसऱ्या हाताला ओझं पेललं नाही. पेटी डोक्याकडून एकदम खाली झुकली आणि खड्ड्याच्या कडेला आपटली.

पाद्र्याला वाटलं, दुःखानं पोराचे हात गळाले. तो त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “धीर धरा.”

दगड पुढच्या महिन्यात कोरून झाला. मी बघायला गेले. अक्षरं सुबक आहेत, खर्च केलेला कळतो. वर ‘जॉर्ज स्लेटर, टार’, आणि खाली, तिनं इतकी वर्षं घासलेल्या जागेत, ‘आणि त्याची प्रिय पत्नी’. त्याखाली साल. बस्स. डावीकडच्या दगडावर मेगी वुड, उजवीकडच्यावर ॲन मेअर, मागे माझी आई. सगळ्या बायका आपापल्या नावानं झोपलेल्या, आणि मधे ही एक कुणाची तरी पत्नी.

मी तशीच बंदरावर उतरले. जेम्स धक्क्यावर बसून जाळं सांधत होता.

“दगड बघितला,” मी म्हटलं.

“चांगलं कोरलंय नाही, मावशी?”

“नाव कुठे आहे?”

त्यानं सुई थांबवली नाही. “दगड बंदराकडे तोंड करून आहे. बाहेर पडताना प्रत्येक माणूस वर बघतो. माझ्या बोटीवर माणसं यायची नाहीत.”

“तू शब्द दिला होतास तिला.”

“दिला होता.”

“तू आज इथे बसून जाळं सांधतोयस ते त्या नावामुळे. एवढं तरी ठाऊक आहे का तुला?”

“ठाऊक आहे,” जेम्स म्हणाला. “त्या दिवशी सकाळीच ठाऊक होतं. काच मीही बघितली होती.”

सुई त्याच्या डाव्या हातात नुसती धरलेली होती. उजवा हात केव्हाच खिशात गेला होता, आणि मी अजून ते नाव काढलंही नव्हतं.